गाळलेला नमुना

"ऊन ऊन हाय बगा बाई, आत्ताच धरलीया," असं म्हणत त्या माणसानं खोकल्याच्या औषधाची एक बाटली माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवली. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडं, डोक्याला भलंमोठं लाल पागोटं. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. एक हात कमरेवर दाबलेला, नजर जमिनीवर.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माणदेशातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागून मला सहाच महिने झाले होते, तेही हंगामी. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, हातानं फिरवायचं एक यंत्र आणि बाहेर व्हरांड्यात उघडणारी ही खिडकी. तो गुरुवार होता. गुरुवारी जिल्ह्याहून सर्जन यायचे, त्यामुळे रांग पार नळापर्यंत गेलेली.

मी बाटली उजेडात धरली. लघवी गढूळ होती आणि तळाशी पांढुरके, चकचकीत पापुद्रे साचले होते. द्राक्ष दाबल्यावर हातात साल उरते ना, अगदी तसे.

"हे काय आहे?"

"त्येच तर म्हंतोय बाई, हिला..." तो बोलायला लागला, तेवढ्यात बायकोनं मागून त्याचा सदरा ओढला. तो गप्प झाला.

मला वाटलं ते मी बोलून मोकळी झाले. "बाटली धुऊन आणायची असते एवढं कळत नाही तुम्हाला? द्राक्षं खाऊन सालं टाकलीत की काय हिच्यात? इथं काय उकिरडा आहे?"

रांगेतली दोन-चार माणसं हसली. त्या बाईनं पदर तोंडावर घेतला. मी बाटली मोरीत ओतली, भरपूर पाणी सोडलं आणि तिच्या हातात दवाखान्याची स्वच्छ बाटली ठेवली. "उद्या नीट आणा. स्वच्छ." रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, ठकूबाई धुळा गडदे, वय पंचेचाळीस, आणि पुढे 'नमुना अयोग्य' असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं पुन्हा आली. बाटली नितळ होती. मी तपासली. थोडे रक्ताचे कण होते, थोडे पुवाचे. मी रिपोर्ट लिहिला आणि वर शाबासकीही दिली. "बघा मावशी, असं आणायचं असतं."

ठकूबाईंनी मान हलवली. हसल्यासुद्धा थोड्या.

पुढचा महिनाभर ती दोघं दर गुरुवारी येत राहिली. त्यांचा मेंढरांचा तळ दवाखान्यापासून अकरा-बारा किलोमीटरवर होता. एवढं अंतर दोघं चालत यायची, कारण एसटीत बसलं की धक्क्यांनी ठकूबाईंची पाठ दुखायची. धुळामामा बोलका माणूस. रिपोर्टची वाट बघताना खिडकीशी उभा राहून मला सगळं सांगायचा. कुठलं मेंढरू लंगडतंय, कुणाला जुळं झालं, कोल्ह्या नावाच्या त्याच्या कुत्र्यानं लांडग्याला कसं पळवून लावलं. ठकूबाई व्हरांड्याच्या बाकावर बसून असायच्या.

"मावशी बोलत नाहीत का हो?" मी एकदा विचारलं.

"बोलती की. पर मेंढरांसंगं. मानसांसंगं बोलायचं काम तिनं मला लावलंय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लग्नाला तीस वर्सं झाली बाई. आजारी म्हनून ही कधी बसली न्हाई. आता रातीची कण्हती. मला वाटतं मेंढरं आईकत्यात तिचं. ती बी झोपत न्हाईत."

सर्जन होते डॉक्टर परांडेकर. पन्नाशीचे, उंच, घाईत असणारे, पण मनानं चांगले. एका दिवसात सत्तर-ऐंशी पेशंट बघायचे. त्यांनी ठकूबाईंची सोनोग्राफी करवून घेतली. आमच्याकडचं यंत्र जुनं होतं, पडद्यावर धुक्यात काहीतरी हलावं तसं दिसायचं. उजव्या मूत्रपिंडात मोसंबीएवढी पाण्याची गाठ आहे, एवढं कळलं. लघवीचे रिपोर्ट माझे. त्यात विशेष काही नाही. डॉक्टरांनी ठरवलं, अशा पाण्याच्या गाठी बऱ्याच जणांना असतात, पाठीतून सुई घालून पाणी काढून टाकू, कळ थांबेल.

पुढच्या गुरुवारी सुई घालायची ठरली. ठकूबाईंना बुधवारीच भरती करून घेतलं.

त्या गुरुवारी साडेदहाच्या सुमारास धुळामामा खिडकीशी आला. हातात बाटली. नेहमीसारखी नितळ.

"घ्या बाई. सिस्टर म्हनल्या, सुई टोचायच्या आधी येक डाव तपासून घ्या. आतमधी न्हेलं तिला. पालथी झोपीवलीया."

मी बाटली घेतली. रांग नुकतीच ओसरली होती, म्हणून सहज म्हणाले, "मामा, आता तुम्ही अगदी तरबेज झालात. पहिल्या दिवशी काय घाण घेऊन आला होता!"

तो हसला. "व्हय. तवापास्नं आमी गाळूनच आनतो न्हवं का."

माझा हात थांबला. "गाळून?"

"तिज्या जुन्या लुगड्याचं फडकं हाय. चार पदरी करून गाळतो. तुमी वरडला, तवा ती लई लाजली हुती बाई. म्हनली, पोरगी शिकल्याली हाय, तिज्याफुडं असलं न्यायाचं न्हाई."

"मामा, गाळल्यावर फडक्यात काय राहतं?"

"सालंच की. रोज नसत्यात. आदी पाटीत मुरडा उठतो, त्यो खाली जांगेत उतरतो, आसं दोन-तीन तास लोळती ती. मंग सालं पडत्यात. पडली की जीव थंड व्हतो तिचा."

"म्हणजे ती सालं अंगातून पडतात?"

"मंग कुटनं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमाला काय वाटलं?"

डिप्लोमाच्या वर्षी आमच्या सरांनी एक बरणी दाखवली होती. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले पांढुरके पापुद्रे. मेंढपाळांच्या भागात नोकरी लागली तर हे लक्षात ठेवा, असं सर म्हणाले होते. कुत्र्याच्या पोटातला एक बारीक कृमी असतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की आत पाण्याची गाठ धरते, आणि गाठीच्या पोटात आणखी गाठी. हायडॅटिड. मूत्रपिंडात झाली आणि आतल्या आत फुटली, की लघवीतून द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे पडतात. सर आणखी एक गोष्ट म्हणाले होते. या गाठीत आंधळेपणानं सुई घालायची नसते. आतलं पाणी पोटात सांडलं तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो.

मी बाटली ठेवली आणि धावले. चप्पल व्हरांड्यातच राहिली.

छोट्या शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ठकूबाई टेबलावर पालथ्या पडल्या होत्या, पाठ उघडी, तिच्यावर आयोडीनचा पिवळा डाग. डॉक्टर परांडेकरांनी हातमोजे घातले होते. जागा बधीर करायचं इंजेक्शन सिस्टरनं त्यांच्या हातात दिलेलंच होतं.

"सर, थांबा!"

"जंगम? हे काय? दार लावा आधी."

"सर, सुई घालू नका. यांना लघवीतून सालं पडतात. पांढरी. द्राक्षाच्या सालीसारखी. आत्ताच यांचे मालक म्हणाले मला."

डॉक्टरांनी हातातली सिरिंज हळूच ट्रेमध्ये ठेवली. इतकी हळू, की जणू तिचा आवाज झाला तरी काही फुटेल. मग ते वाकून ठकूबाईंच्या तोंडाजवळ गेले.

"बाई, घरी मेंढरं आहेत?"

"हाईत की. दीडशा."

"कुत्री?"

"तीन."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग माझ्याकडे वळले. "सालं पडत होती, तर चार आठवड्यांत एकाही रिपोर्टमध्ये कशी आली नाहीत?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी टेबलावरून आवाज आला. पालथ्या पडलेल्या, कधी न बोलणाऱ्या बाईचा.

"मीच गाळून देत हुते डाक्टर. पैल्यापास्नं. मला लाज वाटायची."

पैल्यापास्नं.

मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. आता बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई, बाई, अहो डॉक्टरपाशी कसली लाज?" आणि सिस्टरला म्हणाले, "यांना उठवा. आज काही होणार नाही. पाणी प्यायला द्या भरपूर. लघवी झाली की ट्रेमध्ये धरायची, एक थेंब फेकायचा नाही. जंगम, तुम्ही इथंच थांबा."

बारा वाजले, एक वाजला. दोनदा लघवी झाली, नितळ. डॉक्टरांनी बाकीचे पेशंट बघितले, मध्येच येऊन विचारून गेले. पुराव्याशिवाय मिरजेला कसं पाठवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पडद्यावरचं धुकं दाखवून आणि नवऱ्याचं बोलणं सांगून मोठ्या दवाखान्यातले लोक ऐकतीलच असं नाही.

दीडच्या सुमारास ठकूबाईंना कळ सुरू झाली. इतकी वर्षं झाली, पण एवढी कळ सोसताना इतका कमी आवाज करणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. कॉटची लोखंडी पट्टी त्यांनी धरली होती आणि डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटत होत्या.

"काय म्हणतायत त्या?" मी धुळामामाला विचारलं.

"मेंढरांची नावं घेतीया," तो म्हणाला. तो तिच्या पायाशी बसून तळवे चोळत होता. "कळ आली की येकेकीचं नाव घेती. सत्तर-ऐंशी झाली की वसरती."

मी तिचा दुसरा हात धरला. मला त्याचा हक्क नव्हता, पण धरला. तिनंही तो सोडला नाही. चंद्री, काळुंद्री, बोडकी, मोत्या, लांबकानी... मी मनात मोजत राहिले. नावं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

तीन वाजायला आले तेव्हा ट्रेमध्ये सात पापुद्रे पडले. एक तर अख्खा होता, बोराएवढा, पाण्यानं भरलेला, फुटायचा राहिलेला.

मी ट्रे दोन्ही हातांनी धरून प्रयोगशाळेत नेला. तळाचा गाळ यंत्रात फिरवून घेतला, काचेवर थेंब ठेवला. डोळा लावला आणि हळूहळू काच सरकवत गेले. तिसऱ्या काचेवर ते सापडले. विळ्याच्या पात्यासारखे वाकडे, बारीक, काचेसारखे पारदर्शक आकडे. त्या कृमीच्या डोक्यावर असतात ते.

डॉक्टर परांडेकरांनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले आणि धुळामामाला आत बोलावून शांतपणे सगळं समजावलं. कृमी कुत्र्याच्या पोटात असतो. अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, पाण्यावर, त्याच्या अंगावरच्या केसांवर. तिथून मेंढरांच्या पोटात जातात आणि कधी माणसाच्याही.

धुळामामा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी मेंढरू कापलं की काळजात, फुफुसात पान्याचं फुगं गावत्यात, त्येच का वो हे?"

डॉक्टर चकित झाले. "तुम्ही पाहिलेत?"

"लई. ल्हानपनापास्नं. ते खायाचं नसतं म्हनून आमी कुत्र्यास्नी टाकतो."

"आणि कुत्र्याच्या पोटात त्याचे पुन्हा कृमी होतात," डॉक्टर म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "यांना सगळं ठाऊक होतं. आपण विचारलंच नाही."

चार वाजता त्यांनी मिरजेच्या सर्जनना पत्र लिहिलं. सगळ्या स्टाफला बोलावून ते मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ अशी होती, की या रुग्णाचे प्राण आमच्या प्रयोगशाळेतील कुमारी हेमलता जंगम यांच्या दक्षतेमुळे वाचले. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. शिपाईमामांनी सुद्धा. मी हसायचा प्रयत्न केला आणि तिथून निघून वॉर्डात गेले.

धुळामामा चहा आणायला गेला होता. ठकूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण डोळे स्वच्छ.

"मावशी," मी म्हणाले, "पहिल्या दिवशी तुम्ही गाळून आणलं नव्हतं. मी फेकलं ते. मी ओरडले तुम्हाला. तुम्ही खोटं का बोललात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, नीट चेहऱ्याकडे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"न बोलून काय करू? त्यो डाक्टर तुला लई बोलला आसता. मंग तू घरला जाऊन रडली आसतीस. आन फुडच्या बेस्तरवारी माझं मूत कोन तपासनार हुतं?"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच रडू आलं. त्या मला थोपटू लागल्या. सकाळी जिच्या पाठीत सुई जाणार होती ती बाई मला थोपटत होती.

खिडकीतून डॉक्टरांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा धावले.

डॉक्टर पुढच्या सीटवर बसले होते. मी दाराशी उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. पहिला नमुना, सालं, मोरी, रांगेतली हसलेली माणसं, 'नमुना अयोग्य'. आणि ही बाई माझ्यासाठी खोटं बोलली, हेही.

त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. खाली उतरले. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"किती दिवस झाले त्याला?"

"पाच आठवडे, सर."

"म्हणजे गाठ निदान पाच आठवड्यांपूर्वीच आत फुटली आहे. मिरजेच्या लोकांना हे ठाऊक असलंच पाहिजे. नुसत्या नवरा-बायकोच्या सांगण्यावर ते विसंबले नसते, पण तुम्ही स्वतः पाहिलंय." त्यांनी खिशातून पेन काढलं, जीपच्या बॉनेटवर पत्र पसरलं आणि तसं लिहिलं. मग म्हणाले, "तुमच्या नावाची ओळ ठेवू का खोडू?"

"खोडा, सर."

त्यांनी ती एका रेघेनं खोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जंगम, तुम्ही तिला एकदा गप्प केलंत. मी चार गुरुवार तिला तपासलं आणि तिच्याशी एक शब्द बोललो नाही. जे काय विचारायचं ते नवऱ्याला. त्यालाही दोन मिनिटांच्या वर वेळ दिला नाही." पत्र घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. "रजिस्टरमधला तो शेरा खोडू नका. त्याच्याखाली काय दिसलं होतं ते लिहा. तारखेसकट, सहीसकट. तुमच्यानंतर येईल तिला वाचायला मिळालं पाहिजे."

मी लिहिलं.

ठकूबाईंना मिरजेला नेलं. तिथं आधी जवळजवळ महिनाभर गोळ्या दिल्या, कृमी मरावेत म्हणून. त्या काळात एक दिवस धुळामामा एकटाच माझ्या खिडकीशी उभा राहिला. नेहमीची बडबड नव्हती.

"भाऊ म्हनतो, कुत्री मारून टाक. त्येंच्यापायी झालं समदं. त्येनं जहर बी आनलंय." त्यानं खिडकीची फळी धरली. "बाई, कोल्ह्याला तिनं बोटानं दूध पाजून वाडवलंय. ती परत आली आन तिला कोल्ह्या दिसला न्हाई तर मी काय सांगू?"

मी जेवणाच्या सुट्टीत त्याला घेऊन रस्त्यापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मारायची काही गरज नाही, कृमीच्या गोळ्या देऊ. दर दीड महिन्यानं द्यायच्या. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस बांधून ठेवायचं, विष्ठा खड्ड्यात पुरायची. मेंढरू मेलं किंवा कापलं तर त्याचं काळीज, फुफ्फुस कुत्र्याला टाकायचं नाही, खोल पुरायचं. कुत्र्याला हात लावला की जेवायच्या आधी हात धुवायचे.

"येवढंच?" धुळामामा म्हणाला.

"एवढंच. पण जन्मभर."

"जल्मभर करतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिन्ही कुत्र्यांना दोरीनं बांधून, बारा किलोमीटर चालवत तो घेऊन आला. कोल्ह्यानं गोळी तीनदा थुंकली. शेवटी धुळामामानं ती भाकरीच्या गोळ्यात लपवली आणि त्याला म्हणाला, "खा रं बाबा, तुजी आय दवाखान्यात हाय."

ऑपरेशन झालं त्यानंतरच्या रविवारी मी मिरजेला गेले. वॉर्डात शिरले तेव्हा धुळामामा कॉटवर ठकूबाईंच्या मागे बसून त्यांचे केस विंचरत होता. टाके ओढतात म्हणून त्यांना हात वर नेता येत नव्हता. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याचं त्याला काही नव्हतं. गुंता निघत नव्हता तिथं तो फणी ठेवून बोटांनी सोडवत होता. मेंढराची लोकर सोडवावी तसा, मुळाशी दाबून, दुखू न देता.

"किडनी ऱ्हायली!" मला बघताच तो ओरडला. "वरचा तुकडा ग्येला, बाकीची ऱ्हायली. आन बाई, गाठ काढताना भवतीनं मिठाच्या पान्यात भिजवल्याली फडकी लावली म्हनं. आतलं पानी सांडू ने म्हनून. लोनच्यागत!"

"वळवळ करू नगासा, केस वढत्यात," ठकूबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बस. कोल्ह्या खातोय का?"

"खातोय. गोळीसुद्धा."

"आन तू?"

मी म्हटलं, मीही खातेय.

मिरजेच्या सर्जननी मला जाताना गाठीचं कवच दाखवलं. आतल्या छोट्या छोट्या गाठी त्यांनी मोजल्या होत्या, चाळीसच्या वर. सुई घातली असती तर, असं म्हणून ते थांबले.

ठकूबाई घरी गेल्या, मग पावसाळा आला, आणि त्यांचा तळ कुरणाकडे हलला. चारेक महिने मला काही कळलं नाही. माझी नोकरी टिकली. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारायचे, काही वेगळं पडतं का, कधीपासून, कुठं दुखतं. रांग हळू सरकायची आणि सिस्टर कुरकुरायच्या.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ठकूबाई व्हरांड्यात उभ्या दिसल्या. ताठ, पाठीवर हात नाही. धुळामामा सोबत नव्हता. त्यांनी एका विशीतल्या मुलीला दंडाला धरून आणलं होतं. ती मुलगी पदरात तोंड लपवून खांबाच्या आड सरकत होती.

"ही धाकली जाऊ माजी. सारजा," ठकूबाई म्हणाल्या. "हिच्या बरगडीखाली काय तरी हाय. वरीस झालं, कुनाला सांगत न्हाई. म्हनती, सरकारी दवाखान्यातल्या बाया वरडत्यात."

सारजेनं पदर आणखी ओढला.

ठकूबाई तिला पुढं ढकलत, अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "आगं सांग. ह्या बाईचं तसं न्हाई. ही आजपातूर कुनाला वरडली न्हाई."

रांगेत वीस माणसं होती. मी खिडकी लोटली, दार उघडून व्हरांड्यात आले आणि बाकावर सारजेच्या शेजारी बसले.

"सांग," मी म्हणाले. "सगळं सांग."

ती सांगू लागली.